प्लास्टिकच्या लहान होडीच्या तळाला भोक पडल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यापासून गोव्यातल्या खाड्यांपर्यंत आणि घाटमाथ्यावरच्या धरणांच्या जलाशयांतही आता एक-दोन माणसे बसतील अशा प्लास्टिकच्या कयाक दिसू लागल्या आहेत. लाकडी होडी दुरुस्त करणारा माणूस किनाऱ्यावरच्या गावात अजून सापडतो, फायबरचे काम करणारेही पुष्कळ आहेत. पण या प्लास्टिकच्या होड्यांचे काय करायचे, हे दोघांनाही बहुधा ठाऊक नसते. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी काहीतरी चिकटवून पाहिलेले असते, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

भोकावर एम-सील लावली होती, वाळून दगडासारखी कडक झाली, आणि दोन दिवसांत आख्खी निघून आली. असे का झाले?

दोष पुट्टीचा नाही. या होड्या पॉलिइथिलीनच्या असतात आणि पॉलिइथिलीनला जवळजवळ काहीच चिकटत नाही. बोटाने चोळून पाहिल्यास त्याचा पृष्ठभाग किंचित मेणचट लागतो. त्यावर पाणी टाकले तर ते पसरत नाही, थेंब होऊन बसते. जिथे पाणी पसरत नाही, तिथे डिंकही नीट पसरत नाही आणि जो पसरत नाही तो धरणार कसा? त्यात होडीचा तळ लवचीक असतो. माणूस बसला, लाट आली, वाळूवर होडी टेकली की तळ थोडा आत-बाहेर होतो. पुट्टी मात्र कडक असते, वाकत नाही. त्यामुळे तिची कड आधी सुटते, फटीतून पाणी शिरते आणि मग तुकडा अखंड हातात येतो. झटपट चिकटणारे डिंक, सिलिकॉन आणि नळाच्या पाइपला लावायचे सोल्युशन यांचीही हीच गत होते. पाइपचे सोल्युशन पीव्हीसी विरघळवून जोडते आणि पॉलिइथिलीन त्यात विरघळतच नाही.

पुट्टी आधीच लावली असेल, तर ती पूर्ण खरवडून काढल्याखेरीज पुढचे काहीही करू नये.

आमची होडी नक्की कोणत्या प्लास्टिकची आहे, हे कसे ओळखावे?

तळावर किंवा बैठकीच्या मागे कुठेतरी त्रिकोणात छापलेला आकडा आहे का, ते आधी पाहावे. २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिइथिलीन, ४ म्हणजे कमी घनतेचे, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. ७ असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण तो ‘इतर सर्व’ यासाठीचा आकडा आहे.

आकडा नसल्यास झाकणाच्या किंवा कडेच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने धारदार पात्याने नखाएवढी कपची काढावी आणि साबणाच्या एका थेंबासह पाण्यात बुडवून सोडावी. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर येतात. एबीएस, पीव्हीसी आणि फायबर बुडतात. वर आलेली कपची कोरडी करून चिमट्यात धरावी आणि मोकळ्या हवेत काडीने पेटवावी. पॉलिइथिलीन वितळून थेंब थेंब गळते आणि विझवल्यावर नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. बुडालेली कपची मात्र पेटवून पाहू नये, कारण ती पीव्हीसीची असल्यास तिच्यातून निघणारा वायू घशाला आणि फुप्फुसांना घातक असतो.

आणखी एक जात लक्षात ठेवावी लागते. काही होड्या ‘क्रॉसलिंक्ड’ पॉलिइथिलीनच्या असतात. त्या तरंगण्याच्या परीक्षेत पास होतात, पण त्यांचे रेणू एकमेकांना कायमचे बांधलेले असल्यामुळे त्या वितळत नाहीत. तापवलेला खिळा आतल्या बाजूला टेकवून उचलावा; साधे पॉलिइथिलीन खिळ्याबरोबर तार ओढते, क्रॉसलिंक्ड फक्त मऊ पडते आणि जास्त तापवल्यास करपते. अशा होडीचे वेल्डिंग, म्हणजे प्लास्टिकची काडी तापवून-वितळवून जोडणे, होत नाही, हे पक्के समजून पुढे सांगितलेल्या चिकटद्रव्याच्या मार्गाकडे वळावे.

भोक अगदी बारीक आहे. किनाऱ्याजवळच फिरतो. तसेच चालवले तर?

साधा हिशोब करून पाहू. पाण्याच्या पातळीखाली १५ सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर व्यासाचे भोक असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे ५ लिटर पाणी आत येते. म्हणजे तीन-चार मिनिटांत एक बादली आणि वीस मिनिटांत १०० किलो वजन. व्यास निम्मा असेल तर पाणी चौथ्या हिश्शाने येईल, तरीही तासाभरात ७० लिटरच्या पुढे जाईल.

वर बसायच्या कयाकमध्ये हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, कारण ते दोन कवचांमधल्या बंद पोकळीत साचते. होडी थोडी जड लागते, वळायला आळस करते, आणि एवढ्यावर माणसाचे लक्ष जात नाही. मग लाटेने होडी कलली की आतले सगळे पाणी एकदम त्याच बाजूला धावते आणि ती उलटते. म्हणून उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे.

पाणी आत येते, पण भोक कुठेच दिसत नाही. कसे शोधावे?

आधी तळाकडे नव्हे, तर बुचाकडे, रिव्हेटकडे आणि बोल्टकडे पाहावे. मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे एक पिवळी कयाक आली होती. तिच्या तळावर हातभर लांब, भीतिदायक दिसणारा ओरखडा होता आणि मालकाने त्याच्यावर तीन वेळा काही ना काही थापले होते. आत बादलीभर पाणी ओतून होडी एका कुशीवर कलती केली, तर ओरखडा कोरडा ठणठणीत राहिला आणि वरच्या बाजूला हँडलच्या एका ढिल्या रिव्हेटखालून पाणी ओघळू लागले. नवा रिव्हेट आणि रबराचा वायसर, एवढ्यावर काम झाले.

पाणी ओतून पाहण्याची ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे. होडी दोन बाकांवर ठेवावी, बाहेरून पूर्ण पुसून कोरडी करावी, आत थोडेसेच पाणी घालावे आणि एकेक भाग खाली करत पाहावे. होडी पाण्याने भरून उचलू नये. त्या वजनाने ती वाकते किंवा चिरते. दुसरी पद्धत म्हणजे बाहेरून साबणाचे पाणी लावून बुचाच्या भोकातून तोंडाने किंवा हातपंपाने हलकी हवा भरणे आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहणे. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा कधीही भरू नये. त्या दाबाने होडीचा आकारच बदलतो.

बसण्याच्या जागेतले पाणी खाली जावे म्हणून वर बसायच्या कयाकला आरपार नळ्या असतात. त्यांचे वरचे-खालचे काठ ही चिरा पडण्याची हमखास जागा आहे, कारण होडी वाहून नेणाऱ्या गाड्यांचे खुंट याच भोकांत घुसवले जातात आणि सगळे वजन त्या पातळ काठावर येते.

पाण्यावर असतानाच भोक पडले तर?

किनारा गाठावा, मग बाकीचे. छप्पर गळू नये म्हणून लावतात ती ब्युटिल रबराची चिकटपट्टी होडीत कायम ठेवावी. किनाऱ्यावर जागा गोड्या पाण्याने धुऊन, कपड्याने खसाखसा पुसून आणि उन्हात कोरडी करून ही पट्टी भोकाच्या चारही बाजूंना ५-६ सेंटिमीटर पुढे जाईल अशी दाबून बसवली, तर परत येण्यापुरती ती टिकते. ओल्या तळावर ती धरत नाही. ही सोय परतीपुरतीच आहे.

वेल्डिंगसाठी प्लास्टिकची काडी कुठून आणावी?

ज्या प्लास्टिकची होडी, त्याच प्लास्टिकची काडी. यात तडजोड नाही. सर्वांत चांगली काडी होडीतूनच मिळते: झाकण बसवण्यासाठी कापून काढलेला तुकडा कंपनीने किंवा विक्रेत्याने दिला असेल, तर तो जपून ठेवावा आणि त्याच्या ४-५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. ते न जमल्यास एलएलडीपीई (कमी घनतेच्या पॉलिइथिलीनचा एक प्रकार) किंवा एचडीपीई (उच्च घनतेचे पॉलिइथिलीन) असे स्पष्ट सांगून तयार काडी घ्यावी.

आपल्याकडे एक सोय आहे, जी फारशा कोणाच्या लक्षात येत नाही. घरांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि या कयाक एकाच पद्धतीने बनतात: साच्यात प्लास्टिकची पूड घालून तो साचा भट्टीत सर्व बाजूंनी फिरवायचा, की पूड वितळून आतून सारखी लिंपली जाते. प्लास्टिकही बहुधा एकाच कुळातले असते. त्यामुळे फुटलेल्या टाक्या वेल्डिंग करून देणारा कारागीर तुमच्या तालुक्याच्या गावात असेल, तर होडीचे काम मोटारीचे बंपर जोडणाऱ्यापेक्षा त्याच्याकडे द्यावे. बंपर बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असतात. त्यांची काडी पॉलिइथिलीनवर वितळते, चिकटल्यासारखी दिसते आणि थंड झाल्यावर नखाने निघते.

प्रत्यक्ष वेल्डिंग कसे करावे?

पहिला दिवस फक्त सफाईला द्यावा. खारे पाणी, वाळू, सनस्क्रीनचा तेलकट थर, हे सगळे साबणाने आणि भरपूर गोड्या पाण्याने धुऊन होडी उलटी ठेवून आतून-बाहेरून पूर्ण वाळू द्यावी. चिरेत शिरलेले पाणी वरून दिसत नाही आणि ते राहिले तर वेल्डिंग करताना वाफ होऊन सांध्यात बुडबुडे धरते. पावसाळ्याच्या दमट हवेत हे वाळणे दोन-तीन दिवसही घेते. घाई असेल तर पंखा लावावा.

चीर असेल तर तिची दोन्ही टोके भिंगातून शोधावीत, कारण डोळ्यांना दिसते त्याच्या थोडी पुढेच ती संपते. त्या टोकांवर ३-४ मिमीची गोल भोके पाडावीत. चिरेच्या अणकुचीदार टोकाशी सगळा ताण एकवटतो. गोल भोकाने तो पसरतो आणि चीर पुढे धावत नाही. मग चिरेच्या लांबीभर त्रिकोणी खाच कोरावी, खोली तळाच्या जाडीच्या दोन तृतीयांशाएवढी. अशा होड्यांचा तळ साधारण ५-६ मिमी जाड असतो. खाचेच्या दोन्ही बाजूंना २-३ सेंटिमीटरपर्यंतचा पांढुरका, उन्हाने मेलेला थर धारदार पात्याने खरवडून खालचे ताजे, गडद प्लास्टिक उघडे करावे. काडीही तशीच खरवडावी. बरीचशी वेल्डिंग या एका पायरीला फाटा दिल्यामुळे फसतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते पूर्ण उडू द्यावे.

पॉलिइथिलीन १२० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. पण हवेतून उष्णता पोहोचवायची असल्यामुळे हॉट एअर गनच्या तोंडाशी २७० ते ३०० अंश लागतात. तापमान बदलता येणारी आणि अरुंद तोंडाची गन घ्यावी. साध्या सोल्डरिंग आयर्नने काम होते, पण त्याचे टोक बहुधा फार तापते आणि प्लास्टिक तपकिरी पडते. तपकिरी पडलेले प्लास्टिक ठिसूळ असते, ते काढूनच टाकावे लागते.

गन काडी आणि खाच यांच्यामध्ये सतत झुलती ठेवावी. दोन्ही पृष्ठभाग एकाच वेळी ओले झाल्यासारखे चकाकू लागले, की काडी सरळ खाली दाबत पुढे सरकावी. काडी ओढू नये, दाबावी. तिच्या दोन्ही कडांना वितळलेल्या प्लास्टिकची बारीक मगजी उमटत गेली, तर सांधा धरतो आहे असे समजावे. काडी वितळली पण खालचा तळ कोरडाच राहिला, तर वरून ते कितीही सुबक दिसले तरी ते नुसते लिंपण झाले. खाच खोल असेल तर दोन-तीन काड्यांचे थर द्यावेत आणि हात आत पोहोचत असेल तर आतूनही एक काडी फिरवावी.

काम झाल्यावर पाणी ओतून थंड करण्याचा मोह टाळावा. प्लास्टिक थंड होताना आकसते आणि एकदम थंड केले तर सांध्यात ताण राहून जातो. रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी वर आलेला भाग पात्याने हलका छाटावा, पण पूर्ण सपाट करू नये. पॉलिश पेपर घासल्यास नुसती लव उभी राहते.

पहिल्यांदाच करतो आहे. सांधा पक्का झाला, हे कसे कळेल?

होडीला हात लावण्याआधी त्याच प्लास्टिकच्या तुकड्यावर सराव करावा. काडी जोडून तिचे एक टोक मोकळे सोडावे, पूर्ण थंड झाल्यावर ते पकडीत धरून जोर लावून उचकटावे. काडी अखंड सुटून आली आणि खाली गुळगुळीत जागा राहिली, तर उष्णता कमी पडली. काडी तुटली किंवा खालचे प्लास्टिक ओरबाडून घेऊन आली, तर हात बसला. पहिल्या चार-पाच काड्या फुकट जातात, त्या जाऊ द्याव्यात. होडीवरच्या सांध्याची परीक्षा मात्र आत पाणी घालूनच करावी.

भोक रुपयाच्या नाण्याएवढे किंवा त्याहून मोठे असेल तर?

नुसत्या काड्यांनी ते भरू नये. भोकाचा वेडावाकडा काठ गोल किंवा लंबगोल कापून घ्यावा, कोपरे राहू देऊ नयेत. त्याच प्लास्टिकचा आणि त्याच जाडीचा तुकडा त्यात नेमका बसेल असा कापून दोन्ही काठांना उतार द्यावा आणि भोवती काडीने वेल्डिंग करावे. आतून हात पोहोचत असेल, तर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी भोकापेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठी कापून ती तापवत-दाबत तळात बुडवावी आणि वरून प्लास्टिकचा थर द्यावा. जाळीचे टोक कुठेही उघडे राहता कामा नये, नाहीतर आत बसणाऱ्याच्या टाचेला ते पहिल्याच फेरीत सापडते. साधी लोखंडी जाळी खाऱ्या पाण्यात गंजून फुगते, ती वापरू नये.

आमच्या होडीच्या कापलेल्या काठात मध्ये स्पंजासारखा थर दिसतो. तिचे काय?

ती तीन थरांची होडी आहे: आत-बाहेर घट्ट पॉलिइथिलीन आणि मध्ये त्याचाच फेसाळ थर. बाहेरचा थर पातळ असल्यामुळे उष्णता जपून द्यावी लागते. जास्त झाली की मधला फेस बसतो आणि तिथे खळगा पडतो. फेसात पाणी शिरले असेल, तर आठवडाभर तरी वाळवावे आणि मगच बाहेरचा थर बंद करावा.

वेल्डिंग जमणारच नसेल, तर चिकटवण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, पण पृष्ठभागाची जात बदलावी लागते. जागा खरवडून आणि पुसून झाल्यावर गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीचे टोक पृष्ठभागाला जेमतेम स्पर्श करेल असे धरून सेकंदाला ३० ते ४० सेंटिमीटरच्या वेगाने फिरवावे. प्लास्टिक वितळू नये, रंगही बदलू नये. ज्योतीमुळे पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते आणि डिंकाला धरायला जागा मिळते. शेजारी पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो गोळा न होता पसरला तर काम झाले. हा परिणाम टिकाऊ नसल्यामुळे अर्ध्या तासाच्या आत लवचीक प्रकारचे इपॉक्सी लावावे. याशिवाय पॉलिइथिलीनसाठीच बनवलेली दोन भागांची ॲक्रिलिक चिकटद्रव्ये मिळतात. ती महाग आहेत, पण क्रॉसलिंक्ड होडीसाठी दुसरा चांगला पर्याय मला दिसत नाही.

भोक नाही, नुसता तळ आत दबला आहे. तो खाली कसा येईल?

बहुतेक वेळा त्याला हातही लावावा लागत नाही. तळ वर करून होडी उन्हात दोन-तीन तास ठेवावी, मग आतून हाताने दाबावे. तेवढ्याने न झाल्यास खूप गरम पाण्यात बुडवलेली फडकी वरून ठेवून पुन्हा आतून दाबावे आणि थंड होईपर्यंत आतून टेकू द्यावा. गन इथे वापरू नये.

धोक्याचे असे काय आहे?

काम मोकळ्या हवेत करावे. करपलेल्या प्लास्टिकचा धूर घशाला झोंबतो. अल्कोहोल किंवा ॲसिटोनने पुसल्यावर त्याची वाफ होडीच्या बंद पोकळीत साचून राहते, म्हणून सगळी झाकणे आणि बूच उघडून, वास पूर्ण गेल्यावरच ज्योत किंवा गन जवळ आणावी. आत थर्माकोलचे ठोकळे असतील तर आधी बाहेर काढावेत, ते उष्णतेने आक्रसतात आणि पेट घेतात. इंजिन लावलेल्या होडीत पेट्रोल सांडले असेल, तर वेल्डिंगचा विचारच करू नये.

आमची होडी फायबरची निघाली. हेच करायचे का?

मुळीच नाही. फायबर वितळत नाही, ते घासून पुन्हा थर चढवावे लागतात. भोकाचा काठ जाडीच्या बारापट रुंद उतार येईल असा घासावा. ४ मिमी जाडीला सुमारे ५ सेंटिमीटर. त्यावर लहान ते मोठे असे मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) तुकडे रेझिनमध्ये भिजवून बसवावेत. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन आणि रेझिनच्या १ ते २ टक्के हार्डनर, असे प्रमाण धरतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात हार्डनर १ टक्क्याच्या जवळ ठेवावा, नाहीतर रेझिनचा डब्यातच गोळा होतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात ते द्रव्य) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत. त्याने स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा, हार्डनर नंतर.

होडी दुरुस्त न करता सोडून द्यावी, असे कधी म्हणता?

रंग उडून तळ खडूसारखा झाला असेल आणि कडेची कपची वाकवल्यावर दुमडण्याऐवजी टचकन तुटत असेल, तर त्या प्लास्टिकचा जीव उन्हाने संपला आहे. अशा होडीला एक चीर जोडली की तिच्या शेजारी दुसरी पडते. माझा अनुभव असा, की मालकाला हे पटायला तीन वेल्डिंग लागतात.

पुन्हा भोक पडू नये म्हणून काय करावे?

कोकणच्या किनाऱ्यावर तळ फाडतात ती मुख्यतः खडपावरची कालवे. त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि अर्ध्या भरतीला त्या पाण्याखाली नेमक्या बोटभर असतात, म्हणून ओहोटीला एकदा चालत जाऊन आपली वाट पाहून ठेवावी. जांभ्यावरून किंवा सिमेंटच्या धक्क्यावरून होडी फरपटत नेऊ नये. शेपटीखालचा तळ झिजून कागदासारखा होतो आणि मग एक दिवस सपाट वाळूवरही भोक पडते. दोघांनी उचलावी. ठेवताना सावलीत, कुशीवर किंवा उलटी, रुंद पट्ट्यांवर ठेवावी आणि बूच काढून ठेवावे, कारण बंद होडीतली हवा उन्हाने फुगते आणि सांध्यांवर जोर येतो. काढलेले बूच दोरीने हँडललाच बांधून ठेवावे.